चुकल्यानंतरचे इंग्रजी

इंग्रजी शिकण्याचा सोपा मार्ग म्हणून अलीकडे एक सल्ला वारंवार कानावर येतो : चित्रपटांचे ब्लूपर पाहा. चित्रीकरण चालू असताना नट वाक्य विसरतो, जीभ अडखळते, दार उघडत नाही, कुणाला तरी हसू आवरत नाही. अशा फुकट गेलेल्या तुकड्यांची माळ चित्रपटाच्या शेवटी किंवा स्वतंत्रपणे दाखवली जाते. हसता हसता रोजच्या वापरातले शब्द कानी पडतात आणि हसत शिकलेले टिकते, असा या सल्ल्यामागचा हिशेब. सल्ला देणारे मग प्रत्येक तुकड्याखाली दहा-बारा शब्दांची यादीही काढून देतात. कुतूहल म्हणून मी काही महिने वही-पेन्सिल घेऊन असे तुकडे पाहिले. शब्दांच्या याद्या मला बहुतेक निरुपयोगी वाटल्या. सल्ला मात्र, देणाऱ्यांना वाटत असेल त्याहून अधिक मोलाचा निघाला. त्याचे मोल चूक झाल्यानंतरच्या अर्ध्या मिनिटात आहे आणि नेमके तेवढेच अर्धे मिनिट या याद्यांतून गळलेले असते.

आधी या प्रकाराचा थोडा इतिहास पाहू, कारण त्यातच त्याच्या भाषेचे मर्म आहे. १९३० आणि १९४०च्या दशकांत हॉलिवुडच्या वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओत वर्षभरातले वाया गेलेले तुकडे जोडून 'ब्रेकडाउन्स' या नावाच्या फिती तयार होत. त्या प्रेक्षकांसाठी नव्हत्या. स्टुडिओच्या कर्मचाऱ्यांच्या वार्षिक भोजनाच्या वेळी त्या दाखवल्या जात. हम्फ्री बोगार्ट, बेटी डेव्हिस, जेम्स कॅग्नी असे बडे तारे त्यांत चुकताना दिसतात. १९३४पासून हॉलिवुडमध्ये नीतिनियमांची संहिता कडकपणे लागू झाली होती आणि पडद्यावर साधी शिवी उच्चारायचीही पंचाईत होती. या फितींत मात्र वाक्य चुकले की तारा कचकचीत शिवी हासडतो, मग ओशाळून हसतो. त्या काळातल्या चित्रपटांतले इंग्रजी आणि ते बोलणाऱ्यांचे इंग्रजी यांत केवढे अंतर होते, त्याचा हा अस्सल पुरावा आहे. संवाद संपतो आणि माणूस बोलू लागतो, तो क्षण या फितींनी पकडून ठेवला.

'ब्लूपर' हा शब्द सर्वतोमुखी झाला तो नंतर. बेसबॉलमध्ये नीट न बसलेला, जवळच्या आणि दूरच्या क्षेत्ररक्षकांच्या मधल्या जागेत टपकणारा फटका म्हणजे ब्लूपर. रेडिओच्या सुरुवातीच्या काळात, शेजाऱ्यांच्या संचात शिट्ट्या उठवणाऱ्या संचालाही ब्लूपर म्हणत. १९५०च्या दशकात कर्मिट शेफर या अमेरिकी निर्मात्याने रेडिओ-दूरचित्रवाणीवरच्या बोलण्यातल्या चुका गोळा करून त्यांच्या ध्वनिमुद्रिका काढल्या. त्या तडाखेबंद खपल्या आणि शब्द रूढ झाला. पुढे उघड झाले, की मूळ ध्वनिमुद्रण हाती नसले की शेफर नट बोलावून ती चूक नव्याने करवून घेत असे, आणि ते नेहमी स्पष्टपणे सांगतही नसे. म्हणजे या प्रकारात अस्सल आणि बनावट यांची सरमिसळ आरंभापासून आहे. शिकणाऱ्याच्या दृष्टीने हा मुद्दा महत्त्वाचा असल्यामुळे त्याकडे पुन्हा यावे लागेल.

चित्रपटाच्या शेवटी, श्रेयनामावली सरकत असताना ब्लूपर दाखवण्याची चाल लोकप्रिय करण्यात दिग्दर्शक हॅल नीडहॅम यांचा वाटा मोठा. त्यांच्या १९८१च्या 'द कॅननबॉल रन'मध्ये जॅकी चॅन यांनी छोटी भूमिका केली होती. तिथली ही कल्पना त्यांनी उचलली आणि हाँगकाँगला जाऊन आपल्या चित्रपटांची खूणच करून टाकली. त्यांच्या ब्लूपरमध्ये शब्द अडखळण्याइतकेच हाडही मोडते, हा भाग वेगळा.

आता भाषेकडे वळू. चित्रपटांतून इंग्रजी शिकावे, हे नवे नाही. स्टुअर्ट वेब आणि मायकेल रॉजर्स यांनी २००९मध्ये ३१८ चित्रपटांतील शब्द तपासले. इंग्रजीतली सर्वाधिक वापराची ३,००० शब्दकुले आणि विशेषनामे माहीत असली, तर चित्रपटातले सुमारे ९५ टक्के शब्द ओळखीचे ठरतात. ६,००० शब्दकुले माहीत असली तर सुमारे ९८ टक्के. आपल्याकडे मराठी माध्यमातून शिकून पदवीपर्यंत गेलेल्या माणसाकडे पुस्तकी शब्दांचा साठा बऱ्यापैकी असतो. 'रेफ्रिजरेटर' त्याला येतो, 'पोस्टपोन' येतो, 'रिग्रेट' येतो. तोंड उघडायची वेळ आली की तरीही त्याची बोबडी वळते. त्याची अडचण नामांच्या यादीने सुटणारी नाही, हे त्यावरून कळावे.

मग अडते कुठे? पाउलो क्वाल्यो यांचा अभ्यासही २००९चाच. 'फ्रेंड्स' या गाजलेल्या अमेरिकी मालिकेतील संवादांची त्यांनी अमेरिकी माणसांच्या खऱ्या संभाषणांशी तुलना केली. मालिकेतले बोलणे बऱ्याच अंगांनी नैसर्गिक बोलण्याच्या जवळ जाते, असे त्यांना आढळले. फरक पडतो तो मोघमपणात. खरी माणसे बोलताना 'यू नो', 'आय मीन', 'काइंड ऑफ' असे टेकू सतत घेतात, वाक्य अर्धे सोडतात, चाचपडतात. संवादलेखक हे टेकू काढून टाकतो, कारण त्याला बावीस मिनिटांत गोष्ट सांगायची असते आणि प्रेक्षकाला हसवायचे असते. म्हणून मालिका पाहून शिकणाऱ्याला घासूनपुसून लख्ख केलेले इंग्रजी मिळते. त्यात कुणी अडत नाही, त्यामुळे अडल्यावर काय म्हणायचे तेही त्यात सापडत नाही.

ब्लूपरमध्ये नेमके हेच सापडते. नट चुकतो आणि लेखकाने दिलेली भाषा त्याच्या हातून निसटते. पुढची काही सेकंदे त्याला स्वतःच्या भाषेत काढावी लागतात. माझ्या वहीतली नोंद पाहिली, तर या सेकंदांतल्या वाक्यांचे चार गट पडतात. पहिला कबुलीचा : 'आय मेस्ड अप', 'आय ब्लू इट', 'माय बॅड'. दुसरा दुरुस्तीचा : 'नो, वेट', 'आय मीन', 'स्क्रॅच दॅट', 'लेट मी स्टार्ट ओव्हर', 'कॅन आय गो अगेन?'. तिसरा हसण्याचा : 'आय कान्ट कीप अ स्ट्रेट फेस', 'यू आर क्रॅकिंग मी अप', 'आय लॉस्ट इट'. आणि चौथा समोरच्याने धीर देण्याचा : 'टेक युअर टाइम', 'यू आर फाइन', 'लेट्स गो अगेन'.

यातला एकही शब्द अवघड नाही. 'मेस', 'स्टार्ट', 'गो', 'लूज', 'क्रॅक' हे शाळकरी मुलाला माहीत असलेले शब्द आहेत. अवघड आहे ती त्यांची जोडणी. 'अप', 'ओव्हर', 'ऑन' असे शेपूट लागले की साध्या क्रियापदाचा अर्थ पालटतो, आणि बोली इंग्रजी या शेपटांवरच चालते. आपले इंग्रजी आले तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेच्या आणि रजेच्या अर्जाच्या वाटेने. त्यामुळे आपण 'आय हॅव कमिटेड अ मिस्टेक' म्हणतो. वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे, पण कॉफी सांडल्यावर ते म्हणणारा माणूस कोर्टात जबानी देतो आहे असे वाटते. 'ऊप्स, माय बॅड' म्हणणारा माणूस फडके शोधायला लागलेला असतो. ब्लूपर शिकवतात तो हा फरक. त्यातही तारतम्य हवे. 'माय बॅड' सांडलेल्या कॉफीला चालते. कुणाचे खरे नुकसान केल्यावर ते म्हणणे उद्धटपणाचे ठरते. यादीत हे तारतम्य येत नाही. पाहताना मात्र येते, कारण कोण कुणाला, कशाबद्दल आणि कोणत्या चेहऱ्याने म्हणतो आहे, हे डोळ्यांसमोर असते.

१९७७मध्ये इमॅन्युएल शेग्लॉफ, गेल जेफरसन आणि हार्वे सॅक्स या तिघांनी संभाषणातील दुरुस्तीवर एक निबंध प्रसिद्ध केला. या विषयातला तो पायाचा दगड मानला जातो. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : बोलताना चूक झाली तर ती बोलणाऱ्यानेच सुधारावी याकडे संभाषणाचा कल असतो. ऐकणारा लगेच दुरुस्ती करत नाही, किंचित थांबतो आणि बोलणाऱ्याला संधी देतो. ब्लूपरमध्ये हा नियम उघड दिसतो. नट अडखळला की समोरचा नट सहसा योग्य शब्द पुरवत नाही. तो थांबतो, ओठ दाबून वाट पाहतो. आमच्या इंग्रजीच्या तासाला नेमके याच्या उलट घडत असे. अर्धा शब्द तोंडाबाहेर पडतो न पडतो तोच दुरुस्ती अंगावर येई.

हसण्याचे काय, हा प्रश्न इथे येतो. ब्लूपरचा सारा डोलारा हसण्यावर उभा आहे, आणि इंग्रजी बोलू पाहणाऱ्या मराठी माणसाला सगळ्यात मोठी भीती हसण्याचीच आहे. 'हसत शिका' हा सल्ला देताना कुणी कुणाला हसायचे, हे ठरवून घ्यावे लागते.

याचा विचार करताना १९७७ हेच साल पुन्हा समोर येते. त्या वर्षी लंडन वीकएंड टेलिव्हिजन या एकाच कंपनीने दोन कार्यक्रम सुरू केले. एक 'इट्ल बी ऑलराइट ऑन द नाइट'. तालीम कितीही बिघडली तरी प्रयोगाच्या रात्री सगळे ठीक होईल, ही नाटकवाल्यांची समजूत त्याच्या नावात आहे. डेनिस नॉर्डन तो सादर करत, आणि त्यात चित्रपट व दूरचित्रवाणीवरच्या नटांचे, निवेदकांचे वाया गेलेले तुकडे दाखवले जात. दुसरा कार्यक्रम 'माइंड युअर लँग्वेज'. लंडनमधल्या रात्रीच्या वर्गात इंग्रजी शिकायला येणारे भारतीय, पाकिस्तानी, चिनी, इटालियन, जपानी प्रौढ आणि त्यांचे ब्राउन मास्तर. ही मालिका आपल्याकडेही आवडीने पाहिली गेली. तिच्याच धर्तीवर १९९३मध्ये हिंदीत 'जबान संभाल के' आली, आणि मास्तरांच्या भूमिकेत पंकज कपूर होते.

दोन्ही कार्यक्रम इंग्रजी बोलताना होणाऱ्या चुकांवर चालत. पहिल्यात चुकणारा नट स्वतः हसतो, त्याचे सहकारी हसतात, मग प्रेक्षक हसतो. चुकल्याने त्याचे काही बिघडत नाही, उलट तो अधिक लाडका होतो. दुसऱ्यात चुकणाऱ्या विद्यार्थ्याला आपण चुकलो हेच बहुधा ठाऊक नसते. तो गंभीर चेहऱ्याने उभा असतो आणि हशा त्याच्या डोक्यावरून जातो. ही मालिका लोकप्रिय असतानाही मायकेल ग्रेड यांनी ती बंद केली, कारण त्यातली परकीयांची ठोकळेबाज चित्रे त्यांना आक्षेपार्ह वाटली. मीही तिला पोट धरून हसलो आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. सरदारजी आणि जमीला यांच्यावर हसताना त्या वर्गात माझाही बाक आहे, हे मात्र उशिरा लक्षात आले.

भाषाशास्त्राने या दोन चुकांत भेद केला आहे. पिट कॉर्डर यांनी १९६७च्या निबंधात सांगितले, की नियम ठाऊक असूनही जीभ घसरणे वेगळे आणि नियम अजून पुरता न उमगल्यामुळे चुकणे वेगळे. दुसऱ्या प्रकारची चूक म्हणजे शिकणाऱ्याच्या मनात भाषा कशी आकार घेते आहे याचा पुरावा. ती दोष म्हणून खोडू नये, खूण म्हणून वाचावी. पहिल्या प्रकारच्या चुकीबद्दल व्हिक्टोरिया फ्रॉमकिन यांनी १९७१मध्ये दाखवून दिले, की जीभही वाटेल तशी घसरत नाही. 'कपभर चहा'चा 'चपभर कहा' होतो. शब्दारंभीच्या व्यंजनाची अदलाबदल शब्दारंभीच्या व्यंजनाशीच होते. दोन्ही चुकांना नियम आहेत, दोन्हींत बुद्धी काम करते आहे. तरीही एकीला आपण गंमत म्हणतो आणि दुसरीला अडाणीपणा.

हे दोन्ही प्रकारचे हसणे एकाच चौकटीत आणणारा ब्लूपर मला सापडला तो १९९८च्या 'रश अवर'च्या शेवटी. जॅकी चॅन इंग्रजी संवाद म्हणताना पुन्हा पुन्हा अडखळतात आणि सहनायक क्रिस टकर त्यांची थट्टा करतात. मग टकर यांच्यावर चिनी भाषेतले मोजके शब्द म्हणायची वेळ येते. ते काही केल्या जमत नाहीत. एकामागून एक टेक वाया जातात. चॅन यांना आयती संधी मिळते : तीन शब्द चिनी बोलता येत नाहीत, आता कळले ना इंग्रजी बोलताना माझे काय होते, अशा आशयाचे ते काहीतरी म्हणतात आणि दोघेही हसत सुटतात. चॅन हे वाक्य इंग्रजीतच म्हणतात, आणि त्या इंग्रजीतही व्याकरणाची चूक काढता येईल. ती काढायचे कुणाला सुचत नाही, कारण त्या क्षणी ते भाषेचे मालक असतात. शिकणाऱ्याने पाठ करावा असा यात एकही नवा शब्द नाही. शिकण्यासारखे आहे ते चॅन यांचे उत्तर.

ब्लूपरच्या मर्यादाही सांगायला हव्यात. नेमका महत्त्वाचा शब्द पुष्कळदा 'बीप'खाली गाडलेला असतो. चित्रीकरणाची जागा हे एक कार्यालयच. तिथे बँकेतले, दवाखान्यातले, भाजीबाजारातले शब्द भेटत नाहीत. आणि बनावटीचा प्रश्न तर शेफरच्या काळापासूनचा. पिक्सारच्या 'अ बग्ज लाइफ'च्या (१९९८) शेवटी आणि पुढच्याच वर्षी 'टॉय स्टोरी २'मध्ये चक्क अॅनिमेशनमधली पात्रे वाक्ये विसरतात, हसतात, पुन्हा टेक देतात. तिथे नट पडद्यावर नाहीच, चूकही कुणीतरी आधी लिहिलेली. प्रथम मला ही लबाडी वाटली. नंतर वाटले, चुकल्यानंतरच्या भाषेचा साचा इतका पक्का आहे की लेखकाला ती हुबेहूब लिहिता येते. साचा असेल तर तो शिकताही येतो. तरीही सुरुवात करणाऱ्याने अस्सल तुकडेच पाहावेत. बनावट चुकीत अडखळणेसुद्धा गुळगुळीत असते.

हसू कुठे थांबावे, याचाही एक दाखला आहे. १९७९च्या 'बीइंग देअर'च्या शेवटी पीटर सेलर्स यांचा हसू न आवरल्याने वाया गेलेला तुकडा जोडला होता. सेलर्स यांना ते मुळीच रुचले नाही. इतक्या कष्टाने उभ्या केलेल्या पात्राची मोहिनी त्यामुळे भंगते, अशी त्यांची तक्रार होती. माणूस स्वतःच्या चुकीवर हसायला तयार आहे की नाही, हे त्याचे त्यानेच ठरवायचे असते. आपल्याकडे गौरी शिंदे यांच्या 'इंग्लिश विंग्लिश'मध्ये (२०१२) पुण्याची शशी गोडबोले 'जॅझ'चा उच्चार चुकते आणि घरचीच माणसे हसतात, तेव्हा तिला कुणी विचारलेले नसते. तीच शशी न्यूयॉर्कच्या चार आठवड्यांच्या वर्गात सगळ्यांबरोबर मोकळी हसते. तिथे सगळेच चुकत असतात.

मी सातवीत असताना वर्गातल्या एका मुलाने धडा वाचताना 'नाइफ' हा शब्द 'क्नाइफ' असा वाचला. त्याचे काय चुकले होते? अक्षर समोर होते, ते त्याने वाचले. कॉर्डर यांच्या भाषेत बोलायचे, तर त्याच्या डोक्यात मराठीचा प्रामाणिक नियम काम करत होता : लिहिले आहे ते उच्चारावे. मास्तर हसले, मग वर्ग हसला. पुढे वर्षभर तो महिनोन्‌महिने शेवटच्या बाकावर बसला आणि इंग्रजीच्या तासाला वाचायला म्हणून उभा राहिला नाही. हसणाऱ्यांत मी होतो. आम्हाला इंग्रजी पाचवीपासून होते. महाराष्ट्रात २०००पासून ते पहिलीपासून सुरू झाले. वर्षे वाढली, पण तो हशा वर्गातून गेला असेल याची मला खात्री नाही.

म्हणून ब्लूपर पाहून शिकू इच्छिणाऱ्याला माझे सांगणे एवढेच : चुकलेला शब्द सोडून द्या आणि पुढचे अर्धे मिनिट तीनदा पाहा. पहिल्यांदा नट काय म्हणतो ते ऐका आणि मोठ्याने म्हणा. दुसऱ्यांदा समोरचा काय म्हणतो ते ऐका, कारण तीही आपल्याला लागणारी भाषा आहे. तिसऱ्यांदा आवाज बंद करून फक्त पाहा, आधी कोण हसले. चुकणारा आधी हसला असेल, तर तो तुकडा वहीत उतरवण्याजोगा आहे. शिकवणाऱ्यांनीही वर्गात असा एखादा तुकडा लावावा आणि त्यानंतर पहिले चुकीचे वाक्य स्वतः बोलावे. 'लेट मी स्टार्ट ओव्हर' हे वाक्य मास्तरांच्या तोंडून ऐकले असते, तर तो मुलगा कदाचित पुन्हा उभा राहिला असता.